बंबाजवळची खाट

राजमणी,

तुझा दहावा होऊन गेला. पाहुणे गेले, पुढच्या खोलीतले माग परत सुरू झाले, आणि तू मला जे बोलू नकोस म्हणाली होतीस ते मी बोलून बसले आहे. कुणाला बोलले आणि पुढं काय झालं, ते सांगतेच. पण त्याआधी आपलं भांडण पुरं करायचं आहे. भांडण अर्ध्यात टाकून निघून जायची तुझी खोड जुनी आहे. शाळेतही हरायला लागलीस की तू पाणी प्यायला जायचीस.

दहाव्याला आलेली माणसं म्हणत होती, काय साधा न्यूमोनिया झाला आणि गेली बघा. साधा! मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक उठत होती. ज्या बाईला गेली काही वर्षं जिना चढताना मध्येच थांबून कुणाचा तरी फोन आल्याचं नाटक करावं लागत होतं, तिला शेवटी जे झालं ते साधं कसं असेल? पण तिथं काय बोलणार? मी तुझ्या नात्यातली नाही. आपली ओळख पोरींच्या शाळेतल्या एका बाकावरची. तू विणकरांच्या आळीतली, घरात तेलुगू बोलणारी, मी पलीकडच्या बुद्धविहाराजवळची. आईनं दिलेली भाकरी मी तुझ्या डब्यात टाकायची आणि तुझा भात ओढून घ्यायची, यावर आपली मैत्री झाली आणि त्यावरच ती इतकी वर्षं चालली.

पुढं मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले, हे तुला कायम विनोदी वाटलं. "ही शीला. बेडूक कापती आन पगार घेती," अशी तू माझी ओळख करून द्यायचीस. मी चिडले की म्हणायचीस, "मग खोटं हाय का?" खोटं नव्हतंच.

चाळिशी उलटल्यावर मी पीएचडीला नाव घातलं तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. विषय ऐकल्यावर मात्र थांबलीस. हवेतली धूळ आणि काजळी फुफ्फुसात गेल्यावर तिथल्या राखणदार पेशींचं काय होतं, असा तो विषय. मला वेगवेगळ्या ठिकाणची काजळी हवी होती. रस्त्याकडेची मिळाली, भट्टीची मिळाली. तू म्हणालीस, "बाहेर कशाला हिंडूलालीस गं? आमच्या बंबातली न्हे की. पाहिजे तेवढी हाय."

तुझा तो बंब. लग्नात माहेराहून आलेला, तांब्याचा, मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. त्यात लाकूड घालायची वेळ तुझ्यावर कधी आलीच नाही. घरात माग असल्यावर चिंध्यांना काय तोटा? टॉवेलच्या कापलेल्या कडा, तुटलेलं सूत, रंग चुकलेला माल, सगळं पोत्यात भरून पडवीत आणि पहाटे एकेक मूठ बंबात. तुझ्या आळीत घरोघरी हेच. फुकटचा जाळ, कढत पाणी आणि वर डासही पळतात म्हणून तुला त्याचं कौतुक. बंबाच्या नळीतली काजळी खरवडून तू मला लोणच्याच्या बरणीत भरून दिलीस. वर ताकीद दिलीस, बरणी धुऊन परत कर.

मग तुला ते बघायचं होतं. विद्यापीठातल्या त्या प्रयोगशाळेत तू ठेवणीतली साडी नेसून आलीस, दारात चपला काढल्यास आणि आत देऊळ असल्यासारखी हळू आवाजात बोलायला लागलीस. मी तुला दाखवलं. काचेच्या चपट्या बशीत वाढवलेल्या उंदराच्या पेशी. आपल्या फुफ्फुसातही तसल्याच असतात. बाहेरून जंतू आला, धूळ आली, की त्याला वेढा घालून गिळायचं हे त्यांचं काम. "म्हंजे खायाचंच काम?" तू विचारलंस. हो, म्हणून तर त्यांना भक्षक पेशी म्हणतात. "मग माझी सासू हीच," तू म्हणालीस, आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी खुदकन हसली.

अशा दोन बशा होत्या आणि त्यातल्या एकीत मी तुझ्या बंबाची काजळी घातली होती. दोन्ही बशांत असं एक रसायन होतं की पेशीच्या आत जाळपोळ सुरू झाली की ते हिरवं चमकतं. खोलीतला दिवा मालवला आणि तुला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. पहिली बशी जवळजवळ काळोखी. दुसरी बघताना तू किती तरी वेळ मान वर केली नाहीस.

"अय्यो, किती छान दिसूलालंय गं. दिवं लावल्यागत."

"त्या जळतायत, राजमणी."

"कोन?"

"पेशी. त्यांनी तुझी काजळी गिळलीय आणि आता आतून जळतायत."

तू झटकन मागं झालीस. तुझा तो चेहरा मला अजून दिसतो. बाहेर आल्यावर पायरीवर बसून तू मला पुन्हा पुन्हा विचारलंस आणि मी सांगत गेले. जंतू गिळला तर पेशी त्याला मारायला आतल्या आत एक जहाल मारा सोडते. ऑक्सिजनपासूनच बनलेले ते रेणू, दिसेल त्याला डसणारे. जंतू त्यानं मरतो. काजळीचा कण मरत नाही, कारण तो जिवंतच नसतो. पेशीला ते कळत नाही. ती मारा करत राहते. त्यात कणावर बसलेली रसायनं आणि लोखंड, तांबं असले धातू त्या जाळपोळीत भर घालतात. मोरपंखी रंगात तर तांबं असतंच, आणि तुमच्या घरात त्या वर्षी मोरपंखी टॉवेलांचाच माल निघत होता. पुस्तकात याला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. मी तुला बंबाचंच उदाहरण दिलं. तू चिंच लावून बंब लख्ख घासतेस आणि चार दिवसांत तो पुन्हा काळवंडतो, कारण हवा त्याला खातच असते. पेशीजवळही स्वतःची चिंच असते, झालेली झीज घासून काढणारी. पण कण रोज येत राहिले की ती संपते. मग पेशी स्वतःच्याच माऱ्यानं जायबंदी होते, मदतीला दुसऱ्यांना बोलावते, ते आले की तिथं सूज, आणि खरा जंतू येतो तेव्हा त्याला गिळायची ताकद कुणात उरलेली नसते.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "मग मी चिंच खाल्ली तर?"

मी इतकी हसले की तू रुसलीस. पण त्या हिवाळ्यात तुझ्या घरी आवळ्याचा मुरांबा आला, रोज एक फोड, ते मी पाहिलं होतं. मी म्हटलं, आवळा खा, चिंच खा, पण धूर आत जात असताना त्याचा काही उपयोग नाही. आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं.

"धूर काय आजचा हाय का? माझी सासू बंबाम्होरंच म्हातारी झाली की."

"तेव्हा चिंध्या निव्वळ सुती होत्या. आता निम्मं पॉलिस्टर, आणि रंग कसले कसले."

"मग मला कायतरी झालं तर ते बंबानंच, आसं तू म्हनतीस? एका शब्दात सांग. व्हय का न्हाय."

"असं एका माणसाबद्दल एका शब्दात नाही सांगता येत."

"मग गप बस की."

किती वर्षं आपण हेच बोललो! मी बशीतल्या पेशींबद्दल छातीठोकपणे सांगायची आणि तू तुझ्याबद्दल विचारलंस की मला "पण", "कदाचित", "शक्यता" असे शब्द सुचायचे. खरं तेच सांगत होते गं. रस्त्याची धूळही होती, आळीतले बाकीचे बंब होते, जन्मभर नाकातोंडात गेलेले सुताचे तंतू होते. एकट्या बंबाच्या माथी सगळं मारणं बरोबर नव्हतं. पण तुला शास्त्र नको होतं. तुला शेजारणीनं सांगावं तसं उत्तर हवं होतं.

मग श्रीनिवासचं लग्न झालं आणि तेलंगणातून सुवर्णा तुझी सून होऊन आली. मराठी ती तुझ्याकडूनच शिकली, त्यामुळं तीही आता "लई" आणि "की"शिवाय बोलत नाही. तुला, सासूला, हाक मात्र तेलुगूतली, अत्तम्मा. तुझं आणि माझं भांडण म्हणजे दोन म्हाताऱ्या व्हायला निघालेल्या मैत्रिणींची करमणूक, असंच तिला वाटत राहिलं. तुझा दम वाढला तसं घर तिच्याकडं गेलं, आणि बंबही. ती पहाटे उठायची, मुठी मुठीनं चिंध्या घालायची, पाणी कढत झालं की तुला धरून न्हाणीत न्यायची. सुनेनं सासूचं इतकं केलेलं मी जवळून दुसरं पाहिलेलं नाही, आणि तूही ते आळीभर सांगत सुटली होतीस.

डॉक्टरांनी सांगितलं, धुरापासून लांब ठेवा. सुवर्णानं ते फार मनावर घेतलं. देवापुढची उदबत्ती बंद केली. फोडणी टाकताना तुझ्या खोलीचं दार लावायची. रस्त्याकडच्या खिडकीला तिनं जुनी चादर ठोकली. आणि थंडीत तू कुडकुडायला लागलीस तेव्हा तुला ऊब मिळावी म्हणून तुझी खाट उचलून मागच्या पडवीत, बंबाला लागून, आणून ठेवली.

मी आले तेव्हा तू तिथं पडलेली. थंडीचा धूर वर जात नाही, जमिनीलगत लोळतो. तो तुझ्या खाटेखालून, उशीवरून सरपटत होता. पायथ्याशी चिन्नी तुझी गोधडी पांघरून बसलेली. चार वर्षांची नात आणि आजी दोघी एकाच तालात खोकत होत्या. त्या घरात बंबाचा धूर धुरात धरतच नाहीत. तो अंघोळीचा धूर. घर उठलं, पाणी तापलं, एवढाच त्याचा अर्थ.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात तू सुवर्णाला चहा ठेवायला पिटाळलंस. मग माझं मनगट धरलंस.

"शीला, तिला कायबी बोलू न्हको."

"अगं, खाट तरी हलवू दे."

"का हलवायची, म्हनून इचारंल की ती. येडी न्हाय ती. तिला आई न्हाय. बारकी असताना गेली. माझं करताना तिला बरं वाटूलालंय. आन तू तिला सांगनार, तुझ्याच हातानं अत्तम्मा मरूलाली म्हनून?"

"असं कोण म्हणतंय?"

"तू म्हनायची न्हाईस. पन ती तसंच ऐकंल. मी गेल्यावर जल्मभर सोताचे हात बघत बसंल. माझं जळायचं ते जळून झालं गं. आता खाट हलवून काय हुनार? वचन दे."

मी दिलं. तरी त्या दिवशी जाताना सुवर्णाला म्हटलं, पुढं उजेड बरा आहे, खाट पुढं घे. तिनं घेतली. दोन दिवसांनी येऊन बघते तर तू पुन्हा बंबाशेजारी. तूच हट्ट केलास म्हणे, पुढं गार लागतंय. तुला पुढं खरंच गार लागत होतं की सुवर्णाला तुझं करू द्यायचं होतं? हे मला तुला विचारायचं होतं. राहून गेलं.

मग तो न्यूमोनिया, आणि दवाखान्यात तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलायचं नाही असं सांगितलेलं, आणि तू ऐकणाऱ्यातली नव्हतीस. मास्क बाजूला करून तू मला जवळ बोलावलंस.

"त्या हिरव्या... माझ्यात बी पेटल्या आसतील का गं? एका शब्दात सांग."

"पेटल्या असतील. पण..."

"पन न्हको," म्हणून तू मास्क परत लावलास. डोळ्यांत हसलीस. ते आपलं शेवटचं बोलणं. तू मला शेवटच्या वेळीही वाक्य पुरं करू दिलं नाहीस, आणि त्याबद्दल मला तुझा राग येतो, आणि रडूही येतं.

आता दहाव्याचं सांगते. पहाटेपासून पाहुण्यांच्या अंघोळी चाललेल्या. बंब धडधडत होता आणि सुवर्णा त्याच्यासमोर उकिडवी बसून पोत्यातून मुठी काढून घालत होती. रडून तिचे डोळे सुजलेले. पोतं तुझ्याच मागावरचं, मोरपंखी कडांनी भरलेलं. जाळाच्या कडेला हिरवट झाक मारत होती. शेजारी पाटावर चिन्नी. तिला कुणीतरी चार चिंध्या दिल्या होत्या आणि ती आईसारखीच एकेक करून आत टाकत होती, एक चिंधी, मग खोकला, मग दुसरी. मी तिला उचलली आणि तिच्या पाठीला कान लावला. आत बारीक शिट्टी वाजत होती. तुझी शिट्टी, राजमणी. तुझी सुरू झाली तेव्हा तू पन्नाशीच्या जवळ होतीस.

तू सुवर्णाला जपलंस, मला मान्य आहे. पण चिन्नीचं काय? एकीला दुःख होऊ नये म्हणून दुसरीला त्या धुरात बसवून गेलीस? तुझ्यासाठी मी गप्प बसले, कारण तुझं तू ठरवलं होतंस. त्या पोरीनं काय ठरवलं होतं? तिला मांडीवर घेऊन मी त्याच पाटावर बसले आणि सुवर्णाला सगळं सांगितलं. तुझ्या बरणीपासून सांगितलं. जपून सांगितलं, ती दोषी नाही हे आधी सांगितलं आणि नंतरही सांगितलं. आळीतले बाकीचे बंब, रस्ता, माग, सगळं मध्ये आणलं.

तिनं हातातली मूठ खाली ठेवली.

"अत्तम्माला ठाऊक होतं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. मी म्हटलं, हो.

"मग मला का सांगितलं न्हाय?" ती म्हणाली. "मी थांबली आसती की."

पडवीत सगळे पाहुणे होते. कुणीतरी गरम पाण्यासाठी हाक मारत होतं. सुवर्णा उठली, चिन्नीला माझ्या मांडीवरून घ्यायला तिनं हात पुढं केले आणि मध्येच मागं घेतले. मग एकटीच आत गेली.

दुसऱ्या दिवशी श्रीनिवासनं पाणी तापवायचा विजेचा रॉड आणला. बंब आता गार आहे. शेजारच्या घरातला पेटतो, त्याच्या पलीकडचाही पेटतो, आणि तो धूर भिंतीवरून तुझ्या पडवीत येतोच. पण निदान चिन्नी त्याच्या तोंडाशी बसत नाही. हे मी जिंकल्यासारखं सांगत नाहीये.

कारण तू म्हणाली होतीस तसंच झालंय. सुवर्णा अजूनही पहाटे उठते. सवयीनं बंबाजवळ जाऊन बसते, पेटवत काहीच नाही. आणि चिन्नीला जवळ घेत नाही. पोर आई आई करत येते तर ही हात पाठीमागं लपवते. आज सकाळी मी गेले तेव्हा विचारलं, असं का करतेस? म्हणाली, "हाताला धुराचा वास येऊलालाय. जाईना झालाय." साबणानं धुऊन धुऊन तिच्या बोटांची सालटी निघाली आहेत.

न्हाणीच्या कोनाड्यात बंब घासायची चिंच तू ठेवली होतीस, वाटीत, अर्धी वाळलेली. मी ती पाण्यात कुस्करली. सुवर्णाला पायरीवर बसवलं, तिचे दोन्ही हात माझ्या मांडीवर घेतले आणि तू बंब घासायचीस तशी, पण हलक्या हातानं, एकेक बोट घासलं. तिला झोंबत असणार. पण तिनं हात मागं घेतले नाहीत. चिन्नी दारात उभी राहून बघत होती.

हात धुऊन झाल्यावर सुवर्णानं ते माझ्या नाकाशी धरले.

"गेला का वास?"

तुला मी आयुष्यात कधी एका शब्दात उत्तर दिलं नाही, राजमणी. नेहमी माझं "पण" आडवं आलं. वास तसाच होता. जुना, कातडीत मुरलेला, चिंचेच्या आंबट वासाखालून येणारा.

"गेला," मी म्हटलं.

तिनं चिन्नीला कडेवर घेतलं.